उन्हाची ॲलर्जी: पुरळ शमवण्याची आणि पुन्हा उठू न देण्याची पद्धत

उन्हात गेल्यावर अंगावर पुरळ उठले की बहुतेक जण हाताशी असेल ते मलम लावतात आणि पुरळ कशाचे आहे याचा विचार नंतर करतात, किंवा करतच नाहीत. हा क्रम बदलायला हवा. ‘उन्हाची ॲलर्जी’ हे एकाच आजाराचे नाव नाही. त्या नावाखाली अनेक वेगवेगळे विकार येतात, आणि त्यांतल्या एकावर जे गुणकारी असते ते दुसऱ्यावर निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरते. सुदैवाने त्यांच्यातला ढोबळ फरक ओळखायला सुरुवातीला कोणतेही यंत्र लागत नाही. ऊन लागल्यापासून पुरळ उठेपर्यंत किती वेळ गेला, ते किती काळ टिकले आणि अंगावर नेमके कोठे उठले, या तीन गोष्टी नीट टिपल्या तर पुढच्या उपचाराची दिशा बरीचशी ठरते. म्हणून या लेखाची सुरुवात औषधापासून न करता घड्याळापासून करतो.

पहिली पायरी: पुरळ कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा

सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला वैद्यकात ‘पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन’ म्हणतात. मराठीत त्याला बहुरूपी प्रकाश-पुरळ म्हणता येईल. बहुरूपी अशासाठी, की कोणाच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक पुटकुळ्या येतात, कोणाच्या अंगावर लालसर उंचवटे, तर कोणाच्या अंगावर पसरट चट्टे किंवा पाण्याचे बारीक फोड. मात्र एकाच व्यक्तीच्या अंगावर दर वेळी साधारण तेच रूप दिसते. सावळ्या आणि गडद त्वचेवर लाली फारशी दिसत नाही, त्वचेच्याच रंगाच्या बारीक, खरखरीत पुटकुळ्या हाताला लागतात, आणि त्यामुळे हे पुरळ अनेकदा घामोळे समजून सोडून दिले जाते. ते उन्हात गेल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उठते, खूप खाजते, पुन्हा ऊन लागले नाही तर काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत ओसरते आणि व्रण मागे ठेवत नाही. हिवाळा संपून ऊन वाढू लागते त्या दिवसांत किंवा प्रखर उन्हाच्या ठिकाणी गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ते हमखास डोके वर काढते. वर्षभर झाकलेले राहणारे आणि अचानक उघडे पडलेले भाग, म्हणजे गळ्याखालची छाती, दंड आणि पाय, त्याला अधिक बळी पडतात, तर रोज उजेडात असणारा चेहरा आणि हातांची मागची बाजू अनेकदा वाचते. ही विसंगती लक्षात ठेवावी, कारण प्रतिबंधाची गुरुकिल्ली तिच्यातच आहे.

दुसऱ्या प्रकाराचा वेग अगदी वेगळा आहे. ऊन लागताच पाच-दहा मिनिटांत त्वचा लाल होऊन गांधी उठतात, आग होते, खाज सुटते, आणि सावलीत आल्यावर तास-दोन तासांत, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, सारे मागमूस न ठेवता नाहीसे होते. ही सौर शीतपित्ताची, म्हणजे ‘सोलर अर्टिकेरिया’ची खूण आहे. हा विकार तुलनेने दुर्मीळ आहे. पण एकाच वेळी अंगाच्या मोठ्या भागावर ऊन पडले तर चक्कर येणे, रक्तदाब घसरणे, श्वास अडकणे इथपर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून त्याला कमी लेखू नये.

तिसऱ्या प्रकारात दोष एकट्या उन्हाचा नसतो. पोटात घेतलेले औषध किंवा त्वचेला लागलेला पदार्थ आणि ऊन यांची गाठ पडल्यावर पुरळ उठते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

याखेरीज दोन गोष्टी ॲलर्जी नसूनही ॲलर्जी समजल्या जातात. उन्हाने त्वचा भाजते तेव्हा खाजेपेक्षा वेदना अधिक असते, लाली काही तासांत सुरू होऊन साधारण एका दिवसात कळस गाठते, आणि पुरेसे ऊन मिळाले तर ती कोणालाही होते. घामोळे हा उष्णतेचा आणि कोंडलेल्या घामाचा परिणाम आहे, प्रकाशाचा नव्हे. त्यामुळे ते पाठीवर, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, म्हणजे कपड्यांनी झाकलेल्या जागीच जास्त येते.

यानंतर आरशासमोर उभे राहून पाहावे. पुरळ खरोखर प्रकाशामुळे असेल तर हनुवटीखालची सावलीची जागा, कानामागचा भाग, वरच्या पापण्या आणि घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी सहसा स्वच्छ राहते, आणि सदऱ्याच्या गळ्यापाशी किंवा बाहीच्या कडेशी पुरळाला रेघ मारल्यासारखी सीमा दिसते. याच सावलीच्या जागा जर पुरळाने भरल्या असतील, तर हवेतून येणारे परागकण, धूळ किंवा रसायन यांचा संशय धरावा. मोबाइलवर पहिल्याच दिवशी स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुरळ मावळलेले असते, हा या विकारातला नेहमीचा अनुभव आहे, आणि तेव्हा ती छायाचित्रेच कामास येतात.

दुसरी पायरी: उठलेले पुरळ शमवणे

सर्वप्रथम उन्हातून आत यावे आणि पुरळ पूर्ण बसेपर्यंत तो भाग झाकून ठेवावा. हे इतके उघड आहे की लिहायला संकोच वाटतो. परंतु पुरळ लांबण्याचे सर्वांत सामान्य कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी ऊन लागणे हेच असते.

मग स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, त्याची घडी पुरळावर १० ते १५ मिनिटे ठेवावी आणि दिवसातून तीन-चार वेळा हेच करावे. बर्फ थेट त्वचेवर लावू नये. आधीच चिडलेल्या कातडीला त्याने थंडीची इजा होते. अंघोळ कोमट किंवा गार पाण्याने थोडक्यात उरकावी, सुगंधी साबण आणि खरखरीत घासणी टाळावी, अंग टिपून कोरडे करावे आणि ते किंचित ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. कोरडी कातडी अधिक खाजते, आणि खाजवले की पुरळ चिघळते. नखे कापून ठेवण्याची सूचना क्षुल्लक वाटेल, पण झोपेत नकळत ओरबाडल्यामुळे झालेल्या जखमा पुरळापेक्षा जास्त दिवस छळतात आणि गडद त्वचेवर महिनोन्महिने टिकणारे डाग ठेवून जातात. कॅलामाइन लोशनने तात्पुरता गारवा मिळतो, मात्र त्याने त्वचा कोरडी होते, म्हणून ते मोजक्या जागी आणि मोजके दिवस वापरावे.

खाज याने आटोक्यात येत नसेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन असलेले सौम्य स्टेरॉइड मलम दिवसातून एक-दोन वेळा, पातळ थरात, केवळ पुरळावर लावता येते. डॉक्टरांना न विचारता ते आठवड्यापेक्षा जास्त काळ वापरू नये; पापण्यांवर, फुटलेल्या फोडांवर किंवा पू झालेल्या जागी तर लावूच नये. येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची सरमिसळ असलेली तीव्र मलमे ‘सगळ्या पुरळांवर चालतात’ म्हणून चेहऱ्याला लावली जातात. त्यांनी दोन दिवस बरे वाटते. पण सतत वापरल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, आणि मलम थांबवताच चेहरा पूर्वीपेक्षा अधिक लाल होऊन आग मारू लागतो. ज्या त्वचेला आधीच ऊन सोसत नाही, तिच्यावर हा प्रयोग करू नये.

सेटिरिझिन किंवा लोराटाडिन यांसारखी खाज शमवणारी गोळी घेण्याआधी पुरळाचा प्रकार आठवावा. सौर शीतपित्तात हीच मुख्य उपचारपद्धती असते, कारण तेथील गांधी हिस्टामिन या शरीरातच सुटणाऱ्या, खाज आणि सूज आणणाऱ्या द्रव्यामुळे उठतात, आणि या गोळ्या (अँटिहिस्टामिन) त्यालाच रोखतात. बहुरूपी प्रकाश-पुरळात मात्र तिचा उपयोग मर्यादित असतो; खाज थोडी कमी होते, झोप लागते, पुरळ आपल्या वेळेनेच जाते. गोळीने सुस्ती येत असेल तर वाहन चालवू नये. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. त्वचा बधिर करणारी किंवा खाजेसाठी अँटिहिस्टामिन घातलेली मलमे शक्यतो टाळावीत, कारण त्यांची स्वतंत्र ॲलर्जी होऊ शकते आणि एका पुरळावर दुसरे चढते.

घरगुती उपायांपैकी लिंबाचा रस उन्हाने बिघडलेल्या त्वचेला कधीही लावू नये. लिंबूवर्गीय फळांमध्ये, अंजिराच्या चिकात आणि सेलरीसारख्या काही वनस्पतींमध्ये सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर ओघळांच्या आकाराचे तपकिरी डाग उरतात. लिंबे पिळून हात न धुता उन्हात बसलेल्या माणसाच्या बोटांवर असे ओघळ दिसतात, तेव्हा ती ॲलर्जी नसून रसायनाने झालेली इजा असते.

तिसरी पायरी: उन्हाला कोणी साथ दिली ते शोधा

वर्षानुवर्षे ऊन सोसणाऱ्या माणसाला एकाएकी ते सोसेनासे झाले, तर पहिला प्रश्न असा विचारावा की गेल्या काही आठवड्यांत कोणते नवे औषध सुरू झाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातील औषधे, नेप्रॉक्सेन आणि पिरॉक्सिकॅम ही वेदनाशामके, मुरमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, बुरशीसाठीचे व्होरिकोनाझोल अशी कितीतरी औषधे त्वचेला प्रकाशाबाबत हळवे करतात. दुखऱ्या सांध्यावर चोळलेले कीटोप्रोफेन जेल तर विशेष कुप्रसिद्ध आहे. ते लावणे थांबवल्यानंतरही काही आठवडे ती जागा उन्हापासून जपावी लागते.

तथापि, संशय आला म्हणून रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध स्वतःहून बंद करण्याची चूक करू नये. औषधांची पूर्ण यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे, ते पर्याय सुचवू शकतात. आणि पर्याय नसेल तर ऊन टाळण्याची शिस्त अधिक कडक ठेवून तेच औषध चालू ठेवावे लागते.

अत्तरे, सुगंधी क्रीम आणि काही वेळा खुद्द सनस्क्रीनसुद्धा याच यादीत येते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टोक्रायलीन या प्रकाश शोषणाऱ्या घटकांमुळे काही जणांना उन्हात ॲलर्जी होते, आणि मग रुग्ण गोंधळतो, कारण तो जितके अधिक संरक्षण लावतो तितके पुरळ वाढते. अशा वेळी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांवर आधारलेले, सुगंधविरहित सनस्क्रीन वापरून पाहावे. नवे उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघण्याची सवय चांगली; मात्र प्रकाशामुळे होणारी ॲलर्जी अशा झाकल्या जागी कळत नाही, तिच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे होणारी फोटोपॅच चाचणीच हवी, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर लावून त्यावर मोजका प्रकाश टाकून पाहण्याची चाचणी.

चौथी पायरी: संरक्षण, आणि त्यात कपडा आधी

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन गट आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरणांनी प्रामुख्याने त्वचा भाजते, तर यूव्हीए किरण अधिक खोल जातात, आणि बहुरूपी प्रकाश-पुरळाला बहुतेक वेळा तेच कारणीभूत असतात. या एका फरकातून व्यवहारातल्या तीन गोष्टी निघतात, आणि त्या माहीत नसल्यामुळे मनापासून काळजी घेणारी माणसेही पुरळाने हैराण होतात.

पहिली गोष्ट वेळेची. दुपारचे ऊन टाळावे, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा बाहेर थांबू नये, अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण घ्यावे, हे सारे योग्यच आहे. परंतु हा निर्देशांक मुख्यतः त्वचा भाजण्याच्या धोक्यावर बेतलेला आहे. यूव्हीए किरणांचे प्रमाण सकाळ-संध्याकाळी यूव्हीबीइतके झपाट्याने घटत नाही आणि पातळ ढगांतूनही ते पुष्कळ झिरपतात, म्हणून अतिसंवेदनशील व्यक्तीला सकाळी नऊ वाजता किंवा ढगाळ दिवशीही पुरळ उठू शकते.

दुसरी गोष्ट काचेची. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते, पण यूव्हीएचा मोठा भाग आत सोडते. मोटारीची पुढची काच दुपदरी असल्याने बरेच संरक्षण देते; बाजूच्या काचा सहसा तितके देत नाहीत. खिडकीकडच्या एकाच दंडावर पुरळ येत असेल तर कारण येथे शोधावे. यूव्ही रोखणारी पारदर्शक फिल्म किंवा जाड पडदा, आणि ते नसेल तर पूर्ण बाह्यांचा कपडा, हा त्यावरचा उपाय आहे.

तिसरी गोष्ट सनस्क्रीनच्या डबीवरील आकड्याची. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो: ३० आकड्याचे सनस्क्रीन नीट लावल्यास सुमारे ९७ टक्के आणि ५० आकड्याचे सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडते. यूव्हीएबद्दल तो काहीच हमी देत नाही. म्हणून डबीवर पीए या अक्षरांपुढे तीन किंवा चार अधिक चिन्हे आहेत का, किंवा यूव्हीए ही अक्षरे वर्तुळात छापली आहेत का, हे पाहूनच निवड करावी. या वर्तुळाचा अर्थ असा, की यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. पुरळ होणाऱ्या व्यक्तीने ५० एसपीएफ आणि भक्कम यूव्हीए संरक्षण अशी जोडी घ्यावी. सौर शीतपित्ताच्या काही रुग्णांना दृश्य प्रकाशही सोसत नाही. त्यांना पारदर्शक सनस्क्रीन पुरत नाही, लोह ऑक्साइडमुळे त्वचेचा रंग असलेले सनस्क्रीन लागते.

आकड्यापेक्षाही मोठा घोळ प्रमाणात होतो. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन हा आकडा काढतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढल्या तर जेवढे बसते तेवढे घ्यावे. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला सुमारे ३० मिलिलिटर लागते. ते बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावावे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे, आणि घाम आला, पोहून झाले किंवा अंग पुसले की तितके थांबूही नये. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास विसरली जाते.

एवढे सांगूनही माझा भरवसा सनस्क्रीनपेक्षा कपड्यावर अधिक आहे. कपडा घामाने वाहून जात नाही, दोन तासांनी आठवण ठेवावी लागत नाही, आणि त्याची ॲलर्जीही क्वचितच होते. मात्र कोणताही कपडा चालत नाही. पातळ पांढरा सुती सदरा, विशेषतः भिजल्यावर, पुष्कळ किरण आत सोडतो. विणीतून पलीकडचा उजेड दिसतो का, हे कापड दिव्यासमोर धरून तपासावे. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल बेतलेला, पूर्ण बाह्यांचा कपडा उत्तम. खास उन्हासाठी बनवलेल्या कपड्यांवर यूपीएफ ५० असे लिहिलेले असते, म्हणजे किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो. टोपीला सभोवार किमान ७ ते ८ सेंटिमीटरचा काठ असावा. पुढेच झडप असलेली टोपी कान आणि मान उघडी ठेवते. छत्रीखाली बसलेल्या माणसालाही भोवतालच्या जमिनीवरून परावर्तित होणारे किरण गाठतात. ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत, तर कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, आणि उंची दर १,००० मीटरने वाढली की त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते.

पाचवी पायरी: त्वचेला उन्हाची सवय लावणे

बहुरूपी प्रकाश-पुरळात चेहरा वाचतो आणि छातीवर पुरळ उठते, त्याचे कारण सवय हे आहे. सामान्यतः अतिनील किरण पडले की त्वचेतील प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, त्यामुळे किरणांनी बदललेल्या स्वतःच्याच रेणूंवर शरीर हल्ला करत नाही. या विकारात ते मंदावणे अपुरे पडते आणि त्वचा आपल्याच घटकांना परके समजते. वारंवार, थोड्या थोड्या उजेडाने ही सहनशीलता वाढते. हिवाळ्यात ती पुन्हा हरवते.

सौम्य त्रास असलेल्यांनी ऋतूच्या आरंभी कोवळ्या उन्हात चार-पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवावीत, आणि खाज जाणवली की थांबून मागच्या टप्प्यावर परत यावे. घाई केली तर सारे मुसळ केरात जाते. ज्यांना दर वर्षी तीव्र त्रास होतो त्यांच्यासाठी हेच काम रुग्णालयात ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या नॅरोबँड यूव्हीबी किरणांनी, मोजलेल्या मात्रेत, आठवड्यातून दोन-तीन वेळा असे सुमारे पाच-सहा आठवडे केले जाते. उन्हाळा सुरू होण्याआधी ते पूर्ण व्हावे लागते, म्हणून भेटीची वेळ हिवाळ्यातच घ्यावी. त्वचा तांबूस करून देणारी व्यावसायिक यंत्रे हा त्याला पर्याय नाही: त्यांत मात्रा मोजली जात नाही आणि त्यांच्या वापराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सौर शीतपित्त, औषधांमुळे होणारे पुरळ किंवा ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असणाऱ्यांनी हा प्रयोग घरी करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास घ्यायला त्रास, चक्कर येऊन कोसळणे अशी लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न करता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी. पुरळासोबत ताप आला, मोठे फोड आले किंवा पू झाला तर त्याच दिवशी दाखवावे. पुरळ दोन आठवड्यांहून अधिक टिकले, व्रण ठेवून गेले, किंवा नाकावरून दोन्ही गालांवर पसरले आणि त्यासोबत सांधेदुखी, तोंडात फोड, सततचा थकवा असेल तर ल्युपसची शक्यता तपासावी लागते. त्यासाठी रक्ताची एएनए चाचणी करतात. हातांच्या मागच्या बाजूला सहज फुटणारे फोड येत असतील, किंवा लहान मूल उन्हात गेल्यावर पुरळ फारसे नसतानाही आग होते म्हणून रडत असेल, तर पॉर्फिरिया या आजारांचा, म्हणजे रक्तातील लाल द्रव्य तयार होताना बिघाड होऊन त्वचा प्रकाशाला हळवी होते अशा विकारांचा, विचार करावा लागतो. मुलाची ही तक्रार बहाणा समजून झटकून टाकू नये. सहा महिन्यांखालील बाळांसाठी सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडा यांवरच भिस्त ठेवावी.

जाताना छायाचित्रे, औषधांची यादी आणि एक छोटी वही सोबत न्यावी. वहीत प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिनिटे ऊन लागले, अंगावर काय लावले होते, पुरळ किती वेळाने उठले आणि केव्हा गेले, एवढेच लिहावे. महिनोन्महिने ऊन टाळणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता असते, म्हणून त्याच भेटीत त्याची रक्तचाचणी करण्याबद्दल विचारावे आणि पूरक गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.